सर्वकालीन संघ, सर्वज्ञ निवडकर्ते

अमेरिकी बास्केटबॉलवेड्यांचा एक बिनखर्चाचा उद्योग आहे: इतिहासातले सगळे खेळाडू पुन्हा बाजारात मांडायचे आणि आपापला संघ निवडायचा. बिल रसेलची 11 अजिंक्यपदं? ‘तेव्हा लीगमध्ये संघ होतेच किती!’ चेंबरलेनचे 1962मधले एका सामन्यातले 100 गुण? ‘त्याला अडवायला होतं कोण?’ (त्या सामन्याची चित्रफीतच नाही, म्हणून दोन्ही बाजू निर्धास्त.) हे संघ कधी मैदानात उतरणारच नाहीत, तेव्हा निवड चुकायची सोयच नाही. ती सोय पगारी जाणकारांना. नवोदित खेळाडूंच्या खऱ्या निवडीत पोर्टलंडच्या संघाने 1984मध्ये जॉर्डनला सोडून सॅम बोवी घेतला. 2014मध्ये योकिच 41वा निवडला गेला, तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. आज सर्वकालीन संघ निवडताना त्याला पहिल्या फेरीत न घेणाऱ्याची अक्कल काढली जाते.