दोन झेडची एकच कोंडी
निस्सानची ३७०झेड घ्यावी की २०२१ साली जगापुढे आलेली तिची वारसदार ‘झेड’, हा शारजात गंभीर प्रश्न समजला जातो. जुनीत ३.७ लिटरचे, टर्बोविना इंजिन. नवीत ३ लिटरचे, दोन टर्बो, ४०० अश्वशक्ती. सांगाडा बराचसा जुनाच, म्हणजे सुनेच्या अंगावर सासूचीच पैठणी. सकाळी दुबईकडे निघाल्यावर अल इत्तिहाद रस्त्यावर दोघीही एकाच वेगाने, म्हणजे पुढच्या डिलिव्हरी व्हॅनच्या वेगाने, धावतात. दुबईच्या हद्दीत या रस्त्याची वेगमर्यादा २०२३ मध्ये ८० वरून १०० झाली. कोंडीला ते अद्याप कळलेले नाही. शिल्लक अश्वशक्ती एसीच्या कामी येते, आणि ऑगस्टात तेही थोडके नव्हे. जुनीसाठी सूक अल हराज या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात घासाघीस करता येते. नवीचा हप्ता बँक ठरवते.