५७ रुपये ५३ पैसे

पासष्टीपर्यंत बाई सरकारची लाडकी बहीण असते. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, महिन्याला १,५०० रुपये खात्यावर. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागितला नव्हता. पासष्टी उलटली की नातं बदलतं. बहिणीची होते श्रावणबाळाची आई. या श्रावणबाळ योजनेत पैसे तेवढेच, १,५००. उत्पन्नाची अट मात्र अडीच लाखांवरून धाडकन २१ हजारांवर. म्हणजे दिवसाला ५७ रुपये ५३ पैसे. गुडघे गेले, मोतीबिंदू पिकला की माणसाचा खर्च कमी होतो, असं मंत्रालयात कुणीतरी शोधून काढलेलं दिसतंय.

बरं, हे ५७ रुपये एकट्या म्हातारीचे नाहीत, सगळ्या घराचे आहेत. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये. सुनेनं ६८ दिवस माती उपसली की झाले २१,२१६ रुपये. आजी श्रीमंत! अनुदान ६०० रुपये होतं तेव्हा अट २१ हजारांची. २०१९ मध्ये १,००० झालं, तरी २१. २०२३ मध्ये १,५०० झालं, तरी २१. दरम्यान नगर जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, तिथल्या चौंडीत अख्खं मंत्रिमंडळ बैठकीला येऊन गेलं. अर्जावरचं जिल्ह्याचं नाव बदललं, आकडा जागचा हलला नाही.

आता त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडची एखादी आजी धरा. दसरा-दिवाळी झाली की मुलगा-सून कोयता घेऊन कारखान्यावर, ऊसतोडीला. मागं आजी, दोन नातवंडं, एक शेळी. मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न समजायचं की कर्ज? घरात आली तेव्हा पैसा दिसला, फिटेपर्यंत पाठ मोडते. अर्जात उचलीसाठी रकाना नाही. हंडा कोण आणतं, रात्री उठायचं झालं तर आधाराला कोण, गोळ्या कुठली सकाळची नि कुठली रात्रीची हे सांगायला कोण, हेही कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: वयाचा पुरावा, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. आणि एकदा मंजुरी मिळाली की दरवर्षी हयातीचा दाखला. खुरपं धरून धरून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, त्यामुळे मशीन तिला ओळखत नाही. समोर उभी आहे ती कोण, हा प्रश्न मशीनला पडत नाही.

साहेबाच्या देशात म्हणे गरज ठरवण्याची रीत निराळी. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे माणसाला काय काय जमतं ते आधी बघतात. जेवणखाण, अंघोळ, कपडे, संडास, घरात सुरक्षित वावरणं, माणसांत मिसळणं अशा दहा गोष्टी. दुखण्यामुळे त्यातल्या दोन जमेनात आणि त्यानं जगण्यावर ठळक परिणाम होत असेल, तर गरज मान्य. ऐकून आपल्याला भरून येतं. पण पुढं तिथंही खिसा तपासतात. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सहसा खर्च तुमचा तुम्ही करायचा. आणि हा आकडा २०१० पासून तिथंच रुतलेला. आकडे गोठवण्याची विद्या कुणी कुणाकडून घेतली, हे इतिहासकारांनी बघावं.

आपल्याकडं या गोठलेल्या आकड्यावर लोकांनी आपला तोडगा काढलाय. गावात कुणी ‘उत्पन्नाचा दाखला’ म्हणत नाही, ‘एकवीस हजाराचा दाखला’ म्हणतात, जसं शंभराचा स्टँप म्हणावं. दोन एकर जिरायतवाल्याचं उत्पन्न एकवीसच्या आत, दहा एकर बागायतवाल्याच्या आईचंही आत. खोटं कोण बोलतं? कुणीच नाही. आकडाच असा आहे की खरं बोलणारा फक्त मूर्ख ठरतो. फरक एवढाच की बागायतवाल्याला तलाठी भाऊसाहेब चहा पाजतात, आणि ऊसतोडवाल्याची आई ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून चार वाजताची एसटी गाठते.

सेतू केंद्रातला पोरगा कीबोर्डवर बोटं ठेवून विचारतो, “आजी, उत्पन्न किती टाकू?”

“खरं सांगू का?”

“नको. वीस टाकतो.”