खोटी पूर्व

आजोबांच्या खरेदीखतात आमच्या पारनेर तालुक्यातल्या जमिनीच्या चतुःसीमा एका ओळीत आटोपल्या आहेत. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस बाभूळ, दक्षिणेस भावकी. यांपैकी ओढ्यानं एका पावसाळ्यात वाट बदलली, गाडीवाट कुणीतरी नांगरली, बाभळीचं सरपण झालं. भावकी तेवढी जागेवर आहे.

म्हणून मोजणी मागवली. आला तो भूकरमापक माझ्या मुलाच्या वयाचा. साखळी नाही, झेंडे नाहीत. काठीच्या टोकाला पांढरा डबा बसवलेलं यंत्र, त्याला म्हणे रोव्हर म्हणतात. कोपऱ्यावर काठी टेकवायची, बुडबुडा मध्यावर आणायचा आणि पाहुण्यांच्या फोनची वाट बघितल्यासारखं आभाळाकडं बघत उभं राहायचं, की झाला कोपरा. दुपारी त्यानं कोपऱ्यांची यादी दाखवली. ईस्टिंग चार लाख एक्केचाळीस हजार आणि वर काही, नॉर्दिंग एकवीस लाख आणि वर काही. (वरचं काही इथं देत नाही. भावकी वाचते.)

चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळं मी आकड्यांना घाबरत नाही. पण यादीच्या डोक्यावर बारीक अक्षरात होतं : ‘फॉल्स ईस्टिंग ५,००,०००’. बँकेत एखाद्या कागदावर असा शब्द निघाला की आधी चौकशी लागते आणि मग चहा येतो. मी म्हणालो, ‘‘म्हणजे आमची पूर्व खोटी?’’

‘‘सगळ्यांचीच आहे, काका,’’ तो म्हणाला आणि काडीनं मातीत मोसंबं काढलं.

पृथ्वी गोल, कागद सपाट. सालपट सपाट करायला गेलं की फाटतं. म्हणून पृथ्वीच्या उभ्या साठ फोडी केल्या, प्रत्येक सहा अंशांची. आपण त्रेचाळिसाव्या फोडीत, रेखांश ७२ ते ७८. फोडीची मधली रेघ ७५ अंशांवर, ती इंदापूर-अकलूजच्या अंगानं जाते. त्या रेघेपासून पूर्वेकडं किती मीटर, ती ईस्टिंग. विषुववृत्तापासून उत्तरेकडं किती मीटर, ती नॉर्दिंग.

‘‘पण आम्ही रेघेच्या पश्चिमेला.’’

‘‘एकोणसाठ किलोमीटर. म्हणजे उणे एकोणसाठ हजार. आता ते उणे लिहायचं कुणाकडनं राहिलं, तर तुमचं शेत बीड जिल्ह्यात.’’ म्हणून रेघेलाच शून्याऐवजी पाच लाख म्हणायचं. त्यातून आमचे एकोणसाठ हजार गेले, उरले चार लाख एक्केचाळीस हजार. अर्धी फोड विषुववृत्तावर, म्हणजे सगळ्यात रुंद असते तिथंही, ३३४ किलोमीटरच भरते. त्यामुळं फोडीतल्या कुणाच्याच नशिबी उणे येत नाही. दक्षिण गोलार्धातल्यांना तर नॉर्दिंगमध्येही एक कोटी मीटर फुकट मिळतात.

हे मला ताबडतोब पटलं. आमच्या घरातलं घड्याळ गेली वीस वर्षं दहा मिनिटं पुढं आहे. ते पुढं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, सगळे मनात दहा वजा करतात आणि सगळ्यांची एसटी चुकते.

पण शून्य कुठं, हा प्रश्न उरलाच. रात्री ओसरीवर हिशेब केला. बांधावरून सरळ पश्चिमेला ४४१ किलोमीटर गेलं की कोकण मागं पडतं आणि आपण अरबी समुद्रात उभे. बरं, ती जागाही आपल्या फोडीत नाही, बेचाळिसाव्यात पडते; तिथं हा हिशेब कुणी विचारत नाही. म्हणजे माझ्या जमिनीची मोजणी सुरू होते दुसऱ्याच्या हद्दीत आणि पाण्यात. इंग्रजांनी आपल्याकडं पूर्वी जी ग्रिड आखली होती, तिच्यात पूर्वेत तीस लाख यार्ड घातले होते, उत्तरेत दहा लाख. थाप मारायची तर राज्याला शोभेल अशी. ही साठ फोडींची यूटीएम पद्धत अमेरिकी लष्कराची, १९४०च्या दशकातली. सर्वसामान्यांसाठीचे सरकारी नकाशे आपल्याकडं तिच्यावर आले २००५च्या नकाशा धोरणानं.

खरी अडचण आली ती मेहुण्यांमुळं. त्यांचं शेत यवतमाळला, आमच्यापासून जवळजवळ चारशे किलोमीटर पूर्वेला. ७८ अंश ओलांडले की चव्वेचाळिसावी फोड लागते, तिची रेघ वेगळी, पाच लाख वेगळे. तिथं त्यांची ईस्टिंग भरते सुमारे दोन लाख. मी सौ.ला म्हणालो, ‘‘पूर्वेच्या बाबतीत तुझा भाऊ आपल्या निम्म्यातही नाही.’’ रात्रीचं जेवण मी हातानं वाढून घेतलं.

आणखी एक बारकावा पोरगा जाता जाता सांगून गेला. कागदावरचं अंतर जमिनीवरच्या अंतराइतकं नसतं. मधल्या रेघेवर मुद्दाम ०.९९९६नं गुणलेलं असतं, म्हणजे फोडीच्या कडांना ताण बेतात राहतो. आमच्या शेताशी हजार मीटरमागं छत्तीस सेंटीमीटर कमी. आमचा दक्षिणेचा बांध ११० मीटर. चार सेंटीमीटर गायब! तीस वर्षं मी भावकीतल्या आप्पांवर बांध कोरल्याचा आळ घेत आलो. इथं बांध लांबीत कोरणारा नकाशाच निघाला. हे मी आप्पांना अर्थातच सांगितलं नाही.

एवढं शिकल्यावर माणूस शिकवायला लागतो. दुसऱ्या दिवशी आप्पा यादी बघायला आले. मी म्हणालो, ‘‘आप्पा, सोपं आहे. आधी पूर्व, मग उत्तर.’’ यादीच्या शेवटी अक्षांश-रेखांशही होते, ते मी ऐटीत मोबाइलवर घातले. आधी पूर्व : ७४.४४. मग उत्तर : १९.००. आता, ग्रिडमध्ये पूर्व आधी, पण अक्षांश-रेखांशात उत्तर आधी, हा उलटा रिवाज मला पोरानं सांगितला नव्हता. नकाशा गरगर फिरला, नॉर्वे ओलांडला आणि निळ्या समुद्रातल्या एका ठिपक्यावर थांबला. ब्योर्नोया. नाव वाचून अर्थ शोधला : अस्वलांचं बेट. बारेंट्स नावाच्या डच दर्यावर्दीला १५९६ साली सापडलेलं. झाड नाही, गाव नाही. एक हवामान केंद्र आणि तिथली मोजकी माणसं.

आप्पांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

‘‘हे आपलं रान?’’

‘‘आकड्यांप्रमाणं, हो.’’

‘‘आन् बांधाला कोण लागतं?’’

‘‘कुणीच नाही, आप्पा. चहूबाजूंनी समुद्र.’’

आप्पांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. ‘‘मग ऱ्हाऊ दे असंच,’’ म्हणाले. ‘‘दुरुस्त करू नको.’’