वीस ते पन्नास केबीचा माणूस

ज्याला सगळे ‘ऑनलाइनवाला’ म्हणतात, त्याच्या दुकानात माणसाचं वजन किलोत होत नाही, केबीत होतं. ‘आपले सरकार’वर दाखला काढायचा तर तुमचा फोटो १६० बाय २०० पिक्सेल, ५ ते २० केबी. आयबीपीएसची बँक परीक्षा द्यायची तर २०० बाय २३०, २० ते ५० केबी. बँकेत माणसाला जरा जास्त अंग धरायची मुभा आहे.

भाच्याचा बँक परीक्षेचा फॉर्म भरायला वाशीमला अशाच एका दुकानात गेलो होतो. मोबाइलमधला फोटो ४,००० बाय ३,०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके.

“काका, फोटो लय जड हाये.”

“मंग कर ना थोडा बारीक.”

“केला. आता पोरगं वयखू येत नाई.”

रान किती एकर हे पिक्सेल, आणि सोयाबीन किती पोती झालं हे केबी, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. एकर तेवढेच राहून पोती कमीजास्त होतात. जेपीजी सपाट रंग दोन शब्दांत उरकतं आणि बारीकसारीक तपशिलाला जागा खातं. पठ्ठ्या उभा होता निंबाच्या झाडापुढे. पानापानाचे केबी लागले! भिंतीपुढे उभं केलं, तेवढ्याच मापात फोटो हलका झाला आणि चेहराही शाबूत राहिला.

मागून एका गृहस्थांनी डीपीआय वाढवायला सुचवलं. डीपीआयनं फक्त छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे ते ठरतं. ठिपके होते तेवढेच राहतात. पण रांगेतल्या माणसाला हे सांगणार कोण?

खरी गंमत सहीची. माप १४० बाय ६०, वजन १० ते २० केबी. पांढऱ्याशुभ्र कागदावरची सुबक सही भरली चार केबी. नामंजूर, कारण हलकी! जेपीजीचा दर्जा शंभरावर नेला, तरी दहा होईनात. शेवटी ऑनलाइनवाल्यानं टोपलीतला चुरगळलेला कागद काढला, हातानं सारखा केला आणि त्यावर सही घेतली. सुरकुत्यांचे केबी धरून बारा भरले. फॉर्म गेला.

फॉर्म तयार करणाऱ्या साहेबांना एकच विनंती: कमाल मर्यादा खुशाल ठेवा, सर्व्हरला ओझं नको हे आम्हालाही कळतं. पण ती किमान मर्यादा तेवढी काढून टाका. स्वच्छ कागदावर सही करायची आमची फार इच्छा आहे.