गोल सी, गोल आर: नवशिक्यांसाठी

आधी कविता लिहा. जमली नाही तरी चालेल. खाली © काढा, पुढे नाव, साल आणि 'कृपया नावासहितच फॉरवर्ड करावी'. दाराला लिंबू-मिरची बांधल्यासारखं निर्धास्त वाटतं. खरं तर कविता कागदावर उतरली तेव्हाच हक्क तुमचा झाला. आपल्या 1957 च्या कायद्याला त्यासाठी ना चिन्ह लागतं, ना नोंदणी. कवीची हयात आणि पुढे 60 वर्षं हा हक्क टिकतो. कविता तेवढी टिकेल का, ते आपण इथे बघणार नाही.

अमेरिकेत मात्र 1989 पर्यंत विसराळूपणा महाग पडायचा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा 1968 चा भयपट घ्या. वितरकांनी ऐनवेळी नाव बदललं, जुन्या नावाच्या पाटीबरोबर कॉपीराइटची ओळही गेली, आणि मढी उठवणारा तो सिनेमा तिथे फुकटात सगळ्यांचा झाला.

आता मसाला. आमच्या शेजारच्या वहिनींनी काळ्या मसाल्याची पाकिटं छापून घेतली, नावापुढे ठसठशीत ®. का, तर "टीएमपेक्षा गोल बरं दिसतं." टीएम कुणीही लावावं, 'हे नाव आमचं' एवढंच ते सांगतं. गोल आर मात्र नोंदणी झाल्यावरच. अर्जाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे, आणि खोटा आर लावणाऱ्यासाठी 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात 107 वं कलम ठेवलेलं आहे. हे ऐकून वहिनींनी हजार पाकिटांवर, बरोब्बर त्या गोलावर, किमतीचे स्टिकर चिकटवले.

लेखात दुसऱ्याचं ब्रँडनाव आलं तर चिन्ह लावायची तुमच्यावर सक्ती नाही. हौसच असेल तर आधी विभक्तीचं ठरवा. 'फेविकॉल®ने' लिहिलं तर प्रत्यय लोंबकळतो. 'फेविकॉलने®' लिहिलं तर तृतीयेचीही नोंदणी झाली असं वाटतं. मी स्वतः 'झेरॉक्स काढून आण' असं बिनचिन्हाचं बोलतो आणि पोरगा कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढून आणतो.

शेवटी टंकलेखन. कंसात इंग्रजी सी टाइप केलात की वर्ड आपणहून त्याचा © करतो. आमच्या सोसायटीच्या इंग्रजी नोटिशीत पहिले दोन नियम साधेच आहेत. तिसरा, जिन्यात चपला ठेवू नयेत, हा गेली चार वर्षं कॉपीराइटसह लागलेला आहे.