मुंग्या कशाला लागतात?

नस कुरकुरू लागली की मराठी माणसाच्या पायाला ‘मुंग्या येतात’. मुंग्या कशाला लागतात, हे साखरेचा डबा हाताळणाऱ्या कुणालाही विचारावं लागत नाही. चरकसंहितेने तर प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहाच्या कुळातल्या विकारांच्या, पूर्वलक्षणांत दोन्ही प्रकार एकाच यादीत बसवले आहेत. हातापायांचा बधिरपणा आणि आग ही एक नोंद, आणि रुग्णाच्या लघवीकडे धावणाऱ्या सहा पायांच्या खऱ्याखुऱ्या मुंग्या ही दुसरी. इतका जुना आणि इतका सरळ माग हाताशी असताना अलीकडे एका नव्या आरोपीचं नाव पुढे आलं आहे: यीस्ट. आतड्यात म्हणे कँडिडा नावाची बुरशी माजते आणि तीच बसल्याजागी तळपायाच्या नसा कुरतडते. तपास अगदी घरगुती. सकाळी उठल्या उठल्या, चूळही न भरता, काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थुंकायचं आणि पंधरा-वीस मिनिटं टक लावून बसायचं. थुंकीतून खाली तंतू लोंबले की गुन्हा सिद्ध. लाळेत चिकट प्रथिनं असतात, रात्रभर पाणी न प्यायल्याने ती आणखी दाट होते आणि दाट लाळ पाण्यात लोंबतेच, हे सांगायला त्या वेळी शेजारी कुणी नसतं.

या खटल्याची फिर्याद अमेरिकेत दाखल झाली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे डॉक्टर ओरियन ट्रस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस थकवा, खिन्नता आणि मज्जासंस्थेच्या तक्रारींचं खापर कँडिडावर फोडलं. १९८३ मध्ये टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रुक यांनी ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक काढून ते खापर घरोघर पोचवलं. पुस्तकात वाचकाने स्वतःच भरायची प्रश्नावली होती. गोड खावंसं वाटतं का? पावाची ओढ लागते का? दमट, कोंदट हवेत त्रास वाढतो का? प्रत्येक ‘हो’ला गुण. बायकांची बेरीज १८० च्या आणि पुरुषांची १४० च्या वर गेली की यीस्ट जवळपास नक्की. हीच प्रश्नावली जुलै महिन्यात रत्नागिरीत वाटून पाहावी. भिंतीला ओल, दोरीवर चार दिवसांचे न वाळलेले कपडे आणि चहाबरोबर बटर खाणारी अख्खी आळी. नापास कोण होणार? ज्या परीक्षेत सगळेच पहिल्या वर्गात येतात, त्या परीक्षेबद्दल शंका घ्यायची असते, हे क्लासवाले सोडून सर्वांना कळतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने १९८६ मध्येच ही कल्पना अटकळवजा आणि असिद्ध ठरवली. तज्ज्ञांच्या शेऱ्यावर विसंबू नये असं म्हणणाऱ्यांसाठी चार वर्षांनी प्रत्यक्ष चाचणीही झाली, तीही ट्रस यांच्याच गावातल्या विद्यापीठात. या ‘यीस्ट सिंड्रोम’ने त्रस्त असलेल्या ४२ स्त्रियांना बुरशीवरचं निस्टॅटिन आणि हुबेहूब दिसणारं खोटं औषध आळीपाळीने देण्यात आलं. कुणाला कधी काय मिळतंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, घेणारीलाही नव्हतं. योनीमार्गातली खाज-जळजळ निस्टॅटिनने जास्त कमी झाली. व्हायलाच हवी, यीस्ट तिथे खरोखर असतं. अंगदुखी, थकवा, उदासी या बाकीच्या तक्रारी मात्र खऱ्या औषधानेही कमी झाल्या आणि खोट्यानेही, आणि दोहोंत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. चाचणीत पथ्य नव्हतं म्हणून ती फसवी, असा बचाव मग पुढे आला. बचाव अगदीच टाकाऊ नाही, पथ्याकडे येऊच. पण मग गोळी कशासाठी विकायची, याचं उत्तर बचाव पक्षाने अजून दिलेलं नाही.

यीस्टचं आणि नसांचं काहीच देणंघेणं नाही, असं म्हणणारा मात्र खोटं बोलतो. कँडिडा वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना थेट डिवचू शकते, हे उंदरांच्या त्वचेवर दिसलं आहे, आणि ती पेशींना भोकं पाडणारं एक विष सोडते, हे २०१६ पासून माहीत आहे. त्या विषाचं नावच कँडिडालायसिन. तोंडात पांढरा थर धरला की आमटीचा पहिला भुरका डोळ्यांतून पाणी काढतो, तो याच प्रतापामुळे. पण ही सगळी मारामारी गल्लीतली आहे. बुरशी जिथे, आग तिथे. तळपायाची आग वेगळ्या वळणाची असते. ती दोन्ही पायांना सारखी लागते, बोटांपासून सुरू होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते, कारण कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारी ती शरीरातली सर्वांत लांब नस आणि रसद तुटली की आधी तिचंच टोक उपाशी पडतं. रसद तोडतो तो रक्तातून फिरणारा कुणीतरी. यावर यीस्टवादी म्हणतात, आमचं यीस्टही अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतं आणि ते रक्तातून फिरतं. बनवतं खरं. पण साध्या माणसाच्या पोटातलं यीस्ट नसा जाळण्याइतकं बनवतं, हे कुणी दाखवलेलं नाही. आतड्यातच दारू गाळली जाण्याचा एक दुर्मिळ आजार आहे, आणि त्यातला रुग्ण पाय चोळत नाही, झिंगतो. पोटात एवढी भट्टी पेटली असती तर तिचा पत्ता तळपायाआधी नाकाबंदीतल्या हवालदाराला लागला असता.

मग बुरशी आणि मुंग्या एकाच माणसात वारंवार का सापडतात? दोन पाहुणे एकाच पंगतीत बसले म्हणून एकाने दुसऱ्याला आवतण दिलं असं होत नाही; यजमान कोण ते विचारावं. आपल्याकडे बहुतेक वेळा यजमान मधुमेह असतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी माणसांना तो आहे. वाढलेली साखर नसांना उपाशी मारते आणि बुरशीला जेवू घालते. त्यात लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचं आपल्याकडचं पेटंट २०२० मध्ये संपलं, किंमत उतरली आणि वापर वाढला. गोळ्या चांगल्याच आहेत, पण गोड लघवी लागेल तिथे यीस्टची खाज हा त्यांचा ठरलेला उपद्रव आहे. रुग्णाला खाज नवी, मुंग्या जुन्या, आणि दोन्ही एकाच आठवड्यात तक्रारीला आल्या की यीस्टचं दुकान चालू. दुसरे यजमानही आहेत. एचआयव्हीत दोन्ही सापडतं, कर्करोगाच्या काही औषधांनी दोन्ही होतं. बी-१२ कमी पडलं तर जीभ लाल, गुळगुळीत होऊन चरचरते आणि पायही कापसावर पडल्यासारखे वाटतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा दोन तृतीयांशांचं बी-१२ कमी भरलं. आणि मधुमेहावरची सर्वांत खपणारी मेटफॉर्मिन ते आणखी खाली ओढते. संशयितांची इतकी लांब ओळ दारात उभी असताना पोलिसांनी माळ्यावरच्या पालीला बेड्या घालाव्यात, तसं हे चाललं आहे.

आता ते पथ्य. साखर बंद, मैदा बंद, गोड फळं बंद, आंबवलेलं सगळं बंद. शेवटच्या कलमाने इडली, ढोकळा, आंबोळी आणि गोव्याची सुरेत फुगवलेली सान्नां, सगळे एका दमात तडीपार. बेकरीतलं यीस्ट कँडिडा नव्हे आणि इडलीचं पीठ मुख्यतः जिवाणूंनी फुगतं, हे अपील फेटाळलं जातं. पण पथ्याने बरं वाटतं, ही साक्ष खरी धरावी. पेढा, पाव आणि शीतपेय दोन महिने सोडलं तर ज्याला आपला मधुमेह माहीत नाही त्याचीही रक्तशर्करा उतरते, वजन घटतं, आणि श्रेय यीस्ट मारण्याच्या गोळीला जातं. बरं नाही वाटलं तरी गोळी हरत नाही. त्रास वाढला तर ‘यीस्ट मरताना विष सोडतंय’, म्हणजे औषध लागू पडतंय. जिंकलो तर जिंकलो, हरलो तर पंचांनी डाव उलटा मोजायचा. कुणी पुढे जाऊन महिनोन्‌महिने इट्राकोनॅझोलसारख्या बुरशीनाशक गोळ्या घेतो, तेव्हा तर कमाल होते. त्या दीर्घकाळ घेतल्याने काहींच्या हातापायांना बधिरपणा आणि मुंग्या येतात. पाकिटातल्या चिठोऱ्यावर ते छापलेलं असतं, भिंगाने वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत.

या दुकानाला गिऱ्हाईक कोण पुरवतं, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष थुंकीच्या ग्लासावर जाईल. रात्री पांघरुणातून पाय काढून थंड फरशीवर टेकवणारा माणूस डॉक्टरकडे जातो. त्याची नसांची विद्युत तपासणी होते, अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून त्याला वाटेला लावतात. ती तपासणी जाड नसांची असते. आग आणि टोचणी वाहणाऱ्या बारीक तंतूंचा बिघाड तिच्यात दिसतच नाही. तो पाहायला त्वचेचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. ज्याच्या आगीला एका दारात ‘मनाचे खेळ’ म्हटलं गेलं, तो पुढच्या दारात कुणीही नाव दिलं तरी हात जोडतो, मग ते नाव बुरशीचं का असेना. खरं तर पायाच्या तपासणीचं मूळ सामान दहा ग्रॅम दाबाला वाकणारा एक नायलॉनचा धागा आणि एक नादकाटा एवढंच आहे, आणि पाहायला पाच मिनिटं पुरतात. पण त्यासाठी रुग्णाला मोजे काढायला सांगावे लागतात आणि गर्दीच्या दवाखान्यात तेवढीच गोष्ट राहून जाते.

तेव्हा वाचकहो, खाज किंवा तोंडातला पांढरा थर पुन्हा पुन्हा उलटत असेल, किंवा चप्पल पायातून सुटून मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं, अशी वेळ आली असेल, तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि बी-१२ तपासून घ्या. अहवाल घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांनी न सांगताही मोजे काढून बसा. आणि तो ग्लास तेवढा नीट घासून ठेवा, घरातलं दुसरं कुणीतरी त्यातून पाणी पितं.