हा शेवटचाच

चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. पैशाच्या नशेवर मात्र कुणी बंदी मागितल्याचं ऐकिवात नाही.

बल्लारपूरच्या आमच्या चहाटपरीवर एक गृहस्थ येतात. दोन प्लॉट होते, चार झाले. आता बामणीच्या रस्त्यावर पाचवा बघताहेत. शर्टाच्या खिशात घामानं ओला झालेला सातबारा. तो काढताना बोटं थरथरतात. "बस, हा शेवटचाच," म्हणतात. गुत्त्यावरचा गडी तरी वेगळं काय म्हणायचा? त्याला बायको झाडूनं हाणायची, यांना मंडळाचे लोक शाल-श्रीफळ देतात.

चहाचे दहा रुपये तेवढे उद्यावर. सुटे नसतात त्यांच्याकडे.